शरीरातल्या सांध्याची नोंद कोणी ठेवायची?

खुब्याचा कृत्रिम सांधा सदोष निघाला आणि कंपनीने तो बाजारातून माघारी बोलावला, तर ज्यांच्या शरीरात तो आधीच बसवलेला आहे त्यांनी काय करायचे, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी होते. डॉक्टर तपासण्या आणि पुन्हा करावयाची शस्त्रक्रिया यांविषयी सांगतात, वकील नुकसानभरपाईविषयी सांगतात. दोघांचेही सांगणे उपयोगाचे आहे. पण त्या दोहोंच्या आधी एक गोष्ट हाताशी असावी लागते, आणि ती म्हणजे कोणत्या कंपनीचा, कोणत्या प्रकारचा, कोणत्या क्रमांकाचा सांधा कोणाच्या शरीरात आहे याची खात्रीची नोंद. आज आपल्या देशात ही नोंद जपण्याचे काम व्यवहारात रुग्णाच्या माथी आलेले आहे. हे अन्यायाचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ही जबाबदारी कायद्याने रुग्णालय, कंपनी आणि सरकार यांच्यावर येत नाही, तोवर बाकीचे सगळे उपाय ज्यांनी नशिबाने कागद सांभाळून ठेवले अशा थोड्यांपुरतेच उरतील.

माझी आत्या इंदूरला लोकमान्य नगरात राहत असे. 2009 साली तिच्या डाव्या खुब्याची शस्त्रक्रिया मुंबईच्या एका खाजगी रुग्णालयात झाली. इंदूरच्या मराठी घरांत हे नेहमीचेच आहे. मुलगी ठाण्याला, भाऊ पुण्याला, त्यामुळे मोठी शस्त्रक्रिया म्हटली की माणूस तिकडे जातो, महिनाभर नातेवाइकांकडे राहतो आणि वॉकर घेऊन गाडीने परत येतो. आत्याने आपले सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या फायलीत नीट लावून गोदरेजच्या कपाटात ठेवले होते: डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, एक्स-रे, बिलाच्या पावत्या. पाच-सहा वर्षांनी तिची जांघ दुखू लागली, तेव्हा इथल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे उजेडावर धरून पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘सांधा कोणत्या कंपनीचा आहे?’ वरचा गोळा त्यांना नेहमीपेक्षा मोठा वाटत होता आणि हा धातूवर धातू घासणारा सांधा असावा अशी त्यांना शंका होती. आम्ही ती फाईल तीनदा उलटून पाहिली. डिस्चार्ज कार्डावर लिहिले होते, ‘लेफ्ट टोटल हिप रिप्लेसमेंट, अनसिमेंटेड’. बिलावर ‘इम्प्लांट’ एवढाच शब्द आणि पुढे रक्कम. कंपनीचे नाव कुठेही नव्हते. रुग्णालयाला फोन केले, आतेभाऊ स्वतः जाऊन आला. इतके जुने रेकॉर्ड आता ठेवलेले नाही, असे त्याला खिडकीवर सांगण्यात आले.

शस्त्रक्रियेच्या वेळी इम्प्लांटच्या प्रत्येक खोक्यात छापील चिकटपट्ट्या येतात, ज्यांना सगळे स्टिकर म्हणतात. त्यावर कंपनीचे नाव, भागाचा प्रकार, माप आणि लॉट क्रमांक, म्हणजे उत्पादनाच्या तुकडीचा क्रमांक, असतो. शस्त्रक्रियागृहातील परिचारिका त्यातील एक संच रुग्णाच्या केसपेपरवर चिकटवते. म्हणजे ही माहिती जन्मालाच येत नाही असे नाही. ती तयार होते, कागदावर चढते आणि मग रुग्णालयाच्या तळघरात जाऊन पडते. धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यातून कोबाल्ट हा धातू झिजून रक्तात उतरू शकतो, म्हणून आत्याच्या रक्तातील कोबाल्टची तपासणी आम्ही करून घेतली, प्रमाण कमी निघाले, दुखणेही व्यायामाने काहीसे ओसरले. पण पुढची सगळी वर्षे ती आपल्या शरीरात काय आहे हे न जाणता जगली. तीन वर्षांपूर्वी ती न्यूमोनियाने गेली. पंचकुइया मुक्तिधामात तिसऱ्या दिवशी अस्थी सावडताना राखेतून तो गोळा आणि त्याचा दांडा निघाला. आतेभावाने तो पाण्याखाली धरला, तेव्हा काळवंडलेल्या धातूवर कोरलेली बारीक अक्षरे आणि आकडे दिसले. तिला हयातीत जो क्रमांक कोणीही सांगू शकले नाही, तो आम्ही त्या दिवशी वाचला.

आमच्या घरचा हा अनुभव अपवाद ठरत नाही, हे भारतातील सर्वांत गाजलेल्या प्रकरणावरून दिसते. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डेप्यू या कंपनीचा एएसआर नावाचा सांधा होता. त्यात मांडीच्या हाडावर बसवायचा गोळाही धातूचा आणि कमरेच्या हाडात बसवायची वाटीही धातूची. दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची. वाटी मुद्दाम उथळ ठेवलेली होती. ती थोडी जरी तिरकी बसली तर गोळ्याचा सगळा भार वाटीच्या काठावर येई, धातूवर धातू घासून अतिसूक्ष्म कण सुटत आणि ते आसपासच्या मांसात आणि रक्तात उतरत. ऑस्ट्रेलियात 1999 पासून सांधेरोपणांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिथे प्रत्येक सांधा कधी बसवला आणि कधी काढावा लागला हे लिहिले जाते. तिथल्या आकड्यांतून हा सांधा इतरांपेक्षा लवकर निकामी होतो हे ध्यानात आले आणि डिसेंबर 2009 मध्ये तो तिथल्या बाजारातून निघाला. इंग्लंडच्या नोंदवहीत पाच वर्षांच्या आत हा सांधा बदलावा लागलेल्या रुग्णांचे प्रमाण साधारण 12 ते 13 टक्के आढळले, जे इतर सांध्यांच्या मानाने फारच अधिक होते. ऑगस्ट 2010 मध्ये कंपनीने तो जगभरातून माघारी बोलावला, तोवर सुमारे 93,000 लोकांच्या शरीरात तो बसलेला होता.

भारतात या सांध्याच्या आयातीला 2006 मध्ये परवाना मिळाला होता आणि सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदवला. केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने मात्र आयात परवाना 2012 मध्ये रद्द केला आणि डॉक्टरांसाठी इशारा काढायला 2013 उजाडले. पुढे फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारने डॉ. अरुणकुमार अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. तिच्या अहवालातून जे बाहेर आले त्यातील एक आकडा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. या 4,700 पैकी सुमारे 3,600 रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. म्हणजे चारांपैकी तिघे. त्यांतील कितीजण लंगडत असतील, कितीजणांनी ‘वयामुळे दुखते’ म्हणून गोळ्या घेत दिवस काढले असतील, याचा हिशोब कोणीच देऊ शकत नाही.

वैद्यकीय बाजूने पाहिले तर सापडलेल्या रुग्णासाठी बरेच काही करता येते, आणि म्हणूनच न सापडण्याचे दुःख अधिक आहे. धातूवर धातू असलेला सांधा बसवलेल्या माणसाने दुखत नसले तरी नियमित तपासणीला जावे, असा ब्रिटनच्या औषध व उपकरण नियामकाचा सल्ला आहे. रक्तातील कोबाल्ट आणि क्रोमियम मोजतात; लिटरमागे 7 मायक्रोग्रॅमच्या वर प्रमाण गेले तर तपासणी काही महिन्यांनी पुन्हा करून पुढे बारकाईने पाहावे, असा तो संकेत आहे. पण केवळ रक्ताच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. आकडा कमी असूनही सांध्याभोवती पाण्याची किंवा घट्ट मांसाची गाठ झालेली असू शकते, आणि ती साध्या एक्स-रेत दिसत नाही. तिच्यासाठी सोनोग्राफी, किंवा धातूमुळे येणारा अडथळा कमी करणाऱ्या खास पद्धतीचा एमआरआय लागतो. जांघेत दुखणे, खुब्याशी सूज, चालताना टकटक आवाज, पाय अचानक लचकणे ही तक्रार कोणालाही कळते. परंतु कोबाल्ट फार वाढले तर ऐकू कमी येणे, नजर मंदावणे, थायरॉइड बिघडणे, हृदयाचे स्नायू दुबळे होणे असेही होऊ शकते, आणि अशा वेळी रुग्ण कानाच्या किंवा हृदयाच्या डॉक्टरकडे जातो. ‘माझ्या खुब्यात धातूचा सांधा आहे’ हे वाक्य त्याने तिथे उच्चारले नाही, तर त्या डॉक्टरच्या मनात ती शंका यायचे काही कारण नसते.

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया, जिला रिव्हिजन म्हणतात, ही पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते. हाडात रुतून बसलेला दांडा काढताना हाड जाते, खराब झालेले स्नायू मागे राहतात, सांधा निखळण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून माघारी बोलावलेला सांधा आहे एवढ्यावरून प्रत्येकाने तो काढून घ्यावा असे कोणताही जाणता शल्यविशारद सांगणार नाही. पण ज्याला काढण्याची गरज आहे त्याने उशीर केला, तर दर वर्षागणिक स्नायू आणि हाड यांची हानी वाढते. इथे वेळेवर कळणे हेच अर्धे उपचार आहेत. हेही सांगितले पाहिजे की खुबारोपण ही एकंदरीत फार यशस्वी शस्त्रक्रिया आहे, बहुसंख्य सांधे दहा-पंधरा वर्षे आणि त्याहून अधिक काळ चांगले चालतात, आणि आज बहुतेक ठिकाणी गोळ्यासमोर विशेष प्रक्रिया केलेल्या पॉलिथिलीनचे अस्तर वापरतात. हा लेख वाचून कोणी ठरलेली शस्त्रक्रिया रद्द करू नये. आपल्याकडे तर रक्तपुरवठा तुटून खुब्याचे हाड मरण्याच्या विकारामुळे तिशी-चाळिशीतल्या माणसांनाही हा सांधा बसवावा लागतो. त्यांना पुढची चाळीस वर्षे त्याच्यासोबत काढायची असतात, आणि नोंदीची सर्वाधिक गरज त्यांनाच आहे.

आता कायद्याकडे वळू. एएसआरच्या रुग्णांना अमेरिकेत 2013 मध्ये सुमारे 8,000 दाव्यांसाठी अडीच अब्ज डॉलरच्या आसपास तडजोड मिळाली. भारतीय रुग्णाला त्यातून काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि आपल्या 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात रुग्णाला भरपाई देण्याची तरतूदच नव्हती. अग्रवाल समितीने किमान 20 लाख रुपयांची शिफारस केली, त्यानंतरच्या डॉ. आर. के. आर्य समितीने वय आणि अपंगत्व यांचा हिशोब धरून सूत्र आखले, ज्याप्रमाणे रक्कम 30 लाखांपासून सुमारे 1 कोटी 23 लाखांपर्यंत जात होती. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या या व्यवस्थेची दखल घेऊन त्यासंबंधीची याचिका निकालात काढली. कंपनीने मात्र सूत्राला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि रिव्हिजन झालेल्या, पडताळणी पूर्ण झालेल्या 67 रुग्णांना आपला हक्क राखून प्रत्येकी 25 लाख देण्याची तयारी दाखवली. 4,700 मधून 67 म्हणजे शंभरात दीड माणूसही होत नाही.

एवढी गळती का झाली असेल? भरपाईसाठी रुग्णाने आपल्या शरीरात तोच सांधा होता हे दाखवायला हवे. त्यासाठी स्टिकर, शस्त्रक्रियेची टिप्पणी किंवा काढलेला सांधा हवा. आणि आपल्या वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरवर नोंदी जपण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून फक्त तीन वर्षांचे आहे. रुग्णाने मागितल्यास त्या 72 तासांत द्याव्यात असेही तिथे म्हटले आहे, ते चांगलेच आहे. परंतु ज्या वस्तूचे आयुष्य पंधरा-वीस वर्षे धरले जाते, जिचा दोष बहुधा पाच ते दहा वर्षांनी उघडा पडतो, तिची नोंद तीन वर्षांत नष्ट करण्याची मुभा देणे म्हणजे दोष उघड होण्याआधीच पुरावा संपवण्याची मुभा देणे होय. रुग्णालये यात कायद्याबाहेर काही करत नाहीत, हे मला कळते. ज्या कारकुनाने माझ्या आतेभावाला परत पाठवले त्याचाही दोष नव्हता. नियमच अपुरा आहे.

जे रुग्ण आज अडचणीत आहेत त्यांच्यासाठी कायदा पूर्वीपेक्षा थोडा जवळ आला आहे, आणि इंदूरसारख्या शहरातील माणसाला तर विशेष. 1986 च्या जुन्या ग्राहक कायद्याखाली तक्रार प्रायः जिथे समोरचा पक्ष आहे किंवा जिथे व्यवहार घडला तिथे करावी लागे; म्हणजे शस्त्रक्रिया मुंबईला झाली तर फेऱ्याही मुंबईच्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो जुलै 2020 पासून लागू झाला, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. आयोग कोणता हे आता मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, मोजलेल्या किमतीवरून ठरते. शस्त्रक्रियेला तीन लाख रुपये दिले असतील तर भरपाई कितीही मागा, दावा जिल्हा आयोगातच चालतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क लागत नाही. सदोष वस्तूसाठी उत्पादकाला, विक्रेत्याला आणि सेवा देणाऱ्याला जबाबदार धरण्याचे स्वतंत्र प्रकरण या कायद्यात आहे. रचनेतील दोष आणि पुरेशी सूचना न देणे हे दोन्ही त्यात येतात. मुदत दोन वर्षांची आहे. ती कधीपासून मोजायची यावर वाद होतात, म्हणून दोष कळल्याची तारीख दाखवणारा कागद, म्हणजे रक्ताचा अहवाल किंवा डॉक्टरांचे पत्र, जपावा आणि उशीर झाला असल्यास तो माफ करण्याचा अर्ज सोबत जोडावा. स्त्रियांना आणि अपंग व्यक्तींना 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, ही गोष्ट आपल्या सुशिक्षित घरांतही फारशी ठाऊक नसते. ज्यांची शस्त्रक्रिया सर्वांना पूर्ण मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयात झाली त्यांना रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाचा मार्ग बंद आहे, असे 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापासून ठरलेले आहे. त्यांना दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालय गाठावे लागते.

एक गोष्ट रिव्हिजनला जाणाऱ्या प्रत्येकाने शस्त्रक्रियेच्या आधीच लेखी मागून घ्यावी. काढलेला सांधा टाकून न देता, स्वच्छ करून, नाव आणि तारीख लिहून आपल्या ताब्यात द्यावा. त्यावर क्रमांक कोरलेला असतो आणि झीज कुठे झाली हे तपासता येते. तो जैववैद्यकीय कचऱ्यात गेला की दाव्यातील सर्वांत भक्कम पुरावा गेला.

पण मी हे सगळे लिहीत असताना पुन्हा तोच दोष करतो आहे, ज्याविरुद्ध माझे म्हणणे आहे: रुग्णालाच सांगतो आहे की तू कागद मिळव, तू जप, तू माग. आज दुसरा मार्ग नाही म्हणून सांगतो. सरकारने 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत दोष आढळल्यास उपकरण माघारी घेण्याचे बंधन उत्पादकावर घातले आहे, उपकरणाला स्वतःची ओळख देणाऱ्या क्रमांकाचीही तरतूद केली आहे. 2015 पासून उपकरणांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करणारा राष्ट्रीय कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत चालतो, आणि तिथे रुग्णालाही तक्रार कळवता येते. खुबा आणि गुडघा यांच्या शल्यविशारदांच्या संघटनेने स्वतःहून नोंदवही सुरू केली, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. परंतु ती नोंदवही ऐच्छिक आहे. ज्या शल्यविशारदाला सवड आणि आस्था आहे तो भरतो, बाकीचे भरत नाहीत, आणि जिथे सदोष सांधे बसण्याची भीती अधिक तिथलेच आकडे त्यात नसण्याची शक्यताही अधिक.

अशी नोंदवही सक्तीची करण्याला गोपनीयतेचा आक्षेप घेतला जातो. कोणाच्या शरीरात काय आहे याची यादी सरकारकडे असावी का, हा प्रश्न खोटा नाही. पण नोंदवहीत रुग्णाची सगळी कुंडली असण्याची गरज नाही. सांध्याचा क्रमांक, रुग्णालय, तारीख आणि रुग्णाशी संपर्क साधण्याचा एक बंद मार्ग एवढे पुरते, आणि तो मार्ग फक्त माघारीच्या वेळी उघडता यावा अशी रचना करता येते. खर्चाचा आक्षेप तर मला पटतच नाही. इंदूरमध्ये 2017 पासून स्वच्छतेचा मान सलग मिळाला तो काही जादूने नाही. रोज सकाळी गाडी दाराशी येते, ओला आणि सुका कचरा वेगळा दिला की नाही हे पाहते आणि घराघराचा हिशोब ठेवला जातो. जे शहर लाखो घरांच्या कचऱ्याचा हिशोब ठेवू शकते, त्याला वर्षभरात आपल्या रुग्णालयांत बसणाऱ्या सांध्यांचा हिशोब जड जाऊ नये. खंडवा, खरगोन, धार, देवास, बुऱ्हाणपूर इथले रुग्ण याच शहरात येतात. एमवाय हे मोठे सरकारी रुग्णालय आणि त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय इथेच आहे. सुरुवात इथून व्हायला काय हरकत आहे?

मध्य प्रदेश सरकारकडे माझे मागणे मोठे नाही. शरीरात कायमचे राहणारे प्रत्येक उपकरण बसवताना स्टिकरचा एक संच डिस्चार्ज कार्डावरच चिकटवावा आणि त्याशिवाय कार्डावर सही होऊ नये, असा आदेश काढायला नवा कायदा लागणार नाही. आयुष्मान योजनेखाली ज्या रुग्णालयांना सांध्यांचे पैसे मिळतात, त्यांना लॉट क्रमांक भरल्याशिवाय देयक मंजूर होऊ नये, ही अट घालता येईल. आणि केंद्राने नोंदी जपण्याची मुदत, निदान इम्प्लांटपुरती, तीन वर्षांवरून रुग्णाच्या हयातीपर्यंत वाढवावी. माघार जाहीर झाली की कंपनीने विकलेल्या प्रत्येक सांध्याचा रुग्ण शोधण्याचा खर्च आणि काम कंपनीचे असावे, आणि जे रुग्ण ठरावीक मुदतीत सापडले नाहीत त्यांच्या वाट्याची किमान भरपाई वेगळ्या निधीत जमा करून घ्यावी. न सापडलेला रुग्ण आज कंपनीला फुकट पडतो. तो तसा पडेनासा झाला, तर शोध किती वेगाने लागतो हे पाहता येईल.

आत्याच्या सांध्यावरचा तो क्रमांक मी वहीत उतरवून घेतला आहे. फायलीतले डिस्चार्ज कार्ड आणि ती वही आता एकाच कप्प्यात आहेत.